आतली बाई

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, अशा घरात असंच व्हायचं. माझा दादा खुळा नाही. अडाणी तर मुळीच नाही. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. काचेची कड तो अशी घासतो की फ्रेममध्ये बसवल्यावर कुठे फट राहत नाही, आणि दुसऱ्या दुकानांतून डोकं दुखवून घेतलेले लोक शेवटी त्याच्याकडे येतात. लहानपणी माझं गणित त्यानंच पक्कं करून घेतलं. मी आज प्रयोगशाळेत उभी आहे ती त्याच्यामुळे. आणि या माणसानं माझी जी गत केली, त्यातून मी अजून सावरलेली नाही. रस्त्यात मध्येच थांबते आणि स्वतःशीच म्हणते, हे खरंच झालं का?

मी शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात काम करते. नदीचं गढूळ पाणी आत येतं, त्यात तुरटी पडते, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळलं जातं, त्यात बेताचं क्लोरीन मिसळतं आणि ते टाकीत चढतं. मी त्याचे नमुने तपासते. इतकंच. यात काही गुपित असतं तर मलाही बरं वाटलं असतं, निदान लग्नाकार्यात लोकांनी माझं काम विचारून लगेच जांभई तरी दिली नसती.

आमच्याकडे एक रीत आहे. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा, दोघांनी प्रयोगशाळेतल्या नळाचं पाणी एकमेकांसमोर प्यायचं. कुठल्या तरी जुन्या साहेबांनी ती घालून दिली आणि कुणी मोडली नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, हात धुतल्यासारखं करतो. पण बाहेरच्या माणसाला दाखवण्यासारखी आमच्याकडे हीच एक गोष्ट आहे असं मला वाटायचं.

दादाचं सगळं सुरू झालं वहिनी गेली तेव्हापासून. धडधाकट बाई. सकाळी चहा ओतता ओतता ओट्याला टेकून खाली बसली ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, होतं असं कधी कधी. चांगल्या मनानं सांगितलं हो त्यांनी. पण घरी येताना दादा मला विचारत होता, कधी कधी म्हणजे काय गं? हिलाच का? त्याच दिवशी का? मी म्हटलं, दादा, याला उत्तर नसतं. त्यानं मान हलवली. मला वाटलं पटलं.

पटलं कसलं! दुकानात तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरतो आणि विचारतो, हे बरं, की हे बरं? अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत बदलत राहतो. तेच त्यानं वहिनीच्या मरणाचं केलं. आधी औषधं धरून पाहिली, मग शेजारचा मोबाईलचा टॉवर, मग भाजीवरची फवारणी. शेवटी पाणी. पाण्यात काहीतरी मिसळतात, माणसं मऊ राहावीत म्हणून, आणि काहींच्या रक्तवाहिन्यांना ते सोसत नाही. ही काच बसली. सगळी अक्षरं एकदम ठळक दिसायला लागली त्याला.

फोनवर त्याला असं मानणाऱ्यांचा एक ग्रुपही मिळाला. मी एकदा त्याच्या खांद्यावरून वाचलं. चिडून वाचायला घेतलं होतं, पण वाचतच राहिले. निम्मे निरोप पाण्याचे, आणि निम्मे, दादा जेवलात का, आज झोप लागली का, वहिनींच्या आठवणीनं त्रास होतोय का. आम्ही नात्यातली माणसं वर्षश्राद्ध उरकून आपापल्या कामाला लागलो होतो. त्याला रोज जेवलास का विचारणारे ते परके लोक होते.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. जीभ म्हणजे चाकू. मी त्याला समजावायला गेले आणि दर वेळी भांडून आले. म्हटलं, अरे, माझ्या नोकरीवर शेण फेकतोयस तू. मी काय लोकांना विष पाजते का? तो म्हणायचा, तू नाही गं, तुला तरी कुठे सांगतात ते. हे तर फारच झोंबायचं. आकडे दाखवले तर म्हणायचा, आकडे तेच लोक देतात. आकडे नाही दाखवले तर म्हणायचा, बघ, लपवतात. मी हात टेकले. कानाला खडा लावला, की याच्याशी पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

तो खडा काढावा लागला खारूमुळे. खारू म्हणजे त्याची मुलगी. खरं नाव घरात कुणी घेत नाही. लहान असताना दोन्ही हातांत काहीतरी धरून कुरतडत बसायची म्हणून खारूताई, आणि मग नुसती खारू. आईवेगळी पोर, आणि आमच्या घरातलं ते एवढं एकच लेकरू. एक दिवस शाळेतून माझ्याकडे आली आणि मी दिलेलं पाणी तिनं घेतलंच नाही. दप्तरातली बाटली काढली. बाबा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या विहिरीतून कॅन भरून आणतो, आम्ही तेच पितो म्हणाली. ती विहीर मला ठाऊक होती. तिच्याकडे कुणी वर्षानुवर्षं पाहिलेलं नव्हतं, आणि कारखान्याच्या संडासांची टाकी तिच्या अगदी पाठीला पाठ लावून होती.

मग मी ठरवलं, भांडायचं नाही. त्याला आत न्यायचं, सगळं दाखवायचं, शेवटी माझ्या हातानं नळ सोडून त्याच्यासमोर पाणी प्यायचं. साहेबांची परवानगी काढली, सुट्टी टाकली, आणि दादाला म्हटलं, तुझ्या डोळ्यांनी बघ. तुझा माझ्यावर नसेल, पण तुझ्या डोळ्यांवर तर विश्वास आहे ना? तो यायला तयार झाला. खारूही आली.

काय सांगू, ती सकाळ इतकी छान गेली! दादा मूळचा कारागीर माणूस. वाळूचे थर बघून तो वाकला, कण कसे निवडता विचारलं, पाण्याचा गढूळपणा मोजायच्या यंत्रातली काच बघून हसलासुद्धा. म्हणाला, ही काच पुसायचं फडकं बदला, ओरखडे पडतात. किती दिवसांनी त्याचा तो जुना आवाज ऐकला मी. पायऱ्या चढताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी मनात म्हटलं, आला, माझा भाऊ परत आला.

आता आमच्या एका सहकाऱ्याबद्दल सांगायला हवं. त्याला सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण तो टेबलावरच्या बाटल्यासुद्धा एका रेषेत लावतो. प्रयोगशाळेतल्या त्या नळाला टाकीकडून एक बारीक वेगळी नळी येते, फक्त नमुन्यांसाठी. तिच्यात आतून बुळबुळीत थर धरतो, म्हणून अधूनमधून तिच्यात जहाल ब्लीच भरून ठेवतात आणि मग धुऊन काढतात. शहराच्या पाण्याशी तिचा काही संबंध नाही. ते काम पुढच्या आठवड्याचं होतं. पण पाहुणे यायचे म्हणून मोजपट्टीनं सगळं चकाचक करायला घेतलं आणि हेही आजच उरकून टाकू म्हणून नळीत ब्लीच भरलं. धोक्याची लाल पट्टी त्यानं नियमाप्रमाणे मागच्या खोलीतल्या व्हॉल्व्हवर लावली. आमच्याकडे पट्टी व्हॉल्व्हवरच लावतात, नळावर नाही. नळाशी कोण येणार? आम्हीच. आणि आम्हाला आत पाऊल टाकताच वास कळतो. पट्टी लावून तो भांडार-खोलीत गेला.

पण त्या दिवशी खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि मी दादाला कपाटातली उपकरणं दाखवत पाठमोरी उभी होते. खारूला तहान लागली होती. तिनं नळाशी अडकवलेला पेला घेतला, नळ सोडला आणि पेला भरला.

वास आला आणि मी वळले. पेला तिच्या ओठांपाशी होता. मी कशी धावले ते मला आठवतही नाही. तिच्या हातावर असा फटका मारला की पेला भिंतीवर जाऊन आदळला. मी ओरडले, "पिऊ नकोस! ते पाणी पिऊ नकोस!"

नळ तसाच वाहत होता. खारू हात चोळत रडायला लागली. मी दादाकडे पाहिलं.

मी धडाधड बोलत सुटले. ही नळी वेगळी आहे, हे धुण्याचं औषध आहे, पट्टी तिकडे लावलीय, चल दाखवते, मोजपट्टीला बोलावते. शब्दन् शब्द खरा होता. आणि माझं मलाच ऐकू येत होतं की यापेक्षा खोटं माणूस बोलू शकत नाही. जी बाई आता आपल्यासमोर पाणी पिऊन दाखवणार होती, तिनंच पोरीच्या हातातून ते उडवलं होतं.

दादा चिडला असता तर मी निभावून नेलं असतं. तो चिडला नाही. त्यानं नळ बंद केला, खारूला कडेवर घेतलं आणि माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "तू माझ्या पोरीला वाचवलंस," तो हळूच म्हणाला. "तुझ्या नोकरीचा विचारसुद्धा केला नाहीस. मी हे विसरणार नाही."

त्या दिवसापासून माझा दादा माझ्यावर इतकी माया करायला लागला, जितकी जन्मात केली नव्हती. फळं आणून द्यायचा. माझ्या चष्म्याच्या काचा बदलून दिल्या. आणि मी काही बोलले, की ते त्याला उलटं ऐकू यायचं. पाणी चांगलं आहे म्हटलं तर तो मान डोलवायचा, हो हो, तुला असंच बोलावं लागणार. मी त्याच्यासमोर नळाचं पाणी घटाघटा प्याले, तर तो रडला. म्हणाला, कुणाला दाखवायला स्वतःचा जीव धोक्यात घालू नकोस. बोला आता! खरं बोलायला माझ्याकडे एक वाक्य शिल्लक राहिलं नाही.

ग्रुपवर त्यानं माझं नाव सांगितलं नव्हतं. तेवढं त्याला भान होतं. फक्त लिहिलं होतं, आतली बाई आपल्या बाजूची आहे. पण शहर केवढंसं असतं! चष्म्यांच्या दुकानदाराची बहीण कुठे काम करते हे कळायला किती वेळ लागतो? बाजारात अनोळखी माणसं मला बघून छातीवर हात ठेवायला लागली. एका म्हातारीनं माझा हात धरून कपाळाला लावला. मी तिला तिथेच झापलं, की आजी, नळाचं पाणी प्या, काही होत नाही. तर ती माझ्याकडे अशी समजुतीनं हसली की मी भाजी न घेताच घरी पळाले. साहेबांनी बोलावून घेतलं. मोजपट्टी माझ्याशी बोलेनासा झाला. त्याला वाटत होतं मीच बाहेर काहीतरी पसरवते आहे.

आणि मग खारू आजारी पडली.

शाळेत येत नाही म्हणून तिच्या बाईंचा मला फोन आला. मी तशीच कामावरून उठून गेले. भर दुपारी खोलीत पडदे ओढलेले होते. पोर गादीला चिकटून पडली होती, डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. हाक मारली तर डोळे उघडून मला आई म्हणाली आणि पुन्हा मिटले. उशाशी विहिरीच्या पाण्याचा जग आणि पेला. दादा तिला थोड्या थोड्या वेळानं तेच पाजत होता. शाळेत कुणीतरी नळाचं पाणी दिलं असणार, ते अंगातून धुऊन काढायचं म्हणे.

त्याला ओढत बाहेरच्या खोलीत आणलं. पुन्हा सांगितलं, मी त्या विहिरीचा नमुना मागेच नेऊन तपासला आहे. तपासणीच्या काचनळ्या दुसऱ्या दिवशी गढूळ होऊन फसफसल्या होत्या, त्यात संडासातले जंतू आहेत, पोरीला कावीळ झाली आहे, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. तो माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, किती दडपण टाकतात गं तुझ्यावर. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाला, तिथे एकीला नेली, ती परत आली नाही. मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले. त्यानं मला उठवून खुर्चीत बसवलं आणि पाणी विचारलं. विहिरीचं!

आतून खारूच्या उलटीचा आवाज आला.

तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. कुठून आलं मला माहीत नाही. मी हमसून हमसून रडत होते आणि रडता रडता म्हटलं, "दादा, त्यांनी तुझी विहीर शोधून काढली आहे. तिच्यातही टाकलंय."

तो ताडकन उठला. शपथ घेऊन सांगते, क्षणाचाही अवधी लागला नाही. दोन वर्षं मी डोकं फोडलं, आकडे, नमुने, यंत्रं, साष्टांग नमस्कार, कशानं हा माणूस तसूभर हलला नव्हता. आणि एका खोट्या वाक्यासरशी तो उभा होता. मला वाटलं होतं घाबरेल. पण त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटका होती. मला वाटलंच होतं, तो म्हणाला. मग त्यानं एकच विचारलं, की दवाखान्यात कुणावर भरवसा ठेवायचा. माझी जीभ एकदा सुटली ती सुटलीच. म्हटलं, मुलांची डॉक्टर आपल्यातली आहे. ती बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

पायात चप्पल न घालता तो खारूला उचलून पळाला.

खारू वाचली. डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यकृताला फार सूज होती, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. आणि मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, की मुलीचे वडील मला बघून सारखी छातीवर हात ठेवून खूण का करतात? मी म्हटलं, ते जरा हळवे आहेत.

घरी आणल्यावर प्रश्न आला पाण्याचा. विहीर गेली, आणि दादाला नळ चालत नव्हता. शेवटी मी माझ्या घरच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून त्याच्याकडे पोचवायला लागले. मी आणते म्हणजे ते चांगलंच असणार. तेच पाणी, तीच टाकी, तेच क्लोरीन. दादा पहिला घोट घेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, फरक कळतो. मी कपाळावर हातसुद्धा मारू शकत नव्हते.

म्हटलं, दादाचं जाऊ दे. तो मोठा आहे, त्याचं दुःख मोठं आहे, हळूहळू बघू. पण पोरीच्या डोक्यात हे राहता कामा नये. तिला अख्खं आयुष्य काढायचंय. तिचे डोळे पांढरे झाले, अंगात बळ आलं, आणि एका सकाळी दादा दुकानात गेल्यावर मी तिला समोर बसवलं. कॅनमधलं पाणी एका पेल्यात आणि त्यांच्याच नळाचं दुसऱ्या पेल्यात घेतलं. दोन्हींतला एकेक घोट मी घेतला. सगळं सांगितलं तिला, लपवलं काही नाही. त्या दिवशी पेला का उडवला, विहिरीत काय होतं, आणि तिच्या बाबाला हलवायला मी खोटं बोलले तेही. सावकाश, न ओरडता, एकेक गोष्ट फोड करून सांगितली. माझ्या आयुष्यात मी इतकी शांतपणे कधी बोलले नव्हते.

खारूनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आत्या, त्या दिवशी तू बाबाला सांगत होतीस ना, ते मला आतून ऐकू येत होतं."

मी म्हटलं, "मग?"

"तेव्हा तू रडत होतीस," खारू म्हणाली. "आत्ता नाही रडत आहेस."

तिनं माझ्या हातातला नळाच्या पाण्याचा पेला अलगद काढून घेतला, मोरीत ओतला, आणि मला बाधू नये म्हणून दोनदा विसळून ठेवला.